मोटारसायकलवर जर्किन आणि किरकोळ सामान नेण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारसायकलला स्कूटरसारखी सीटखालची डिकी नसते. त्यामुळे सकाळी हवेसे वाटणारे जर्किन दुपारी नकोसे झाले की ते कुठे ठेवायचे, आणि डबा, रेनकोट, चार्जर, चष्मा, औषधे यांची सोय कशी लावायची, हे प्रश्न रोज कामावर जाणाऱ्याला आणि घाट उतरून कोकणात जाणाऱ्याला सारखेच पडतात. पुढील उत्तरे १०० ते ३५० सीसीच्या नेहमीच्या मोटारसायकली डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. गाडी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि खड्डा आला, ब्रेक लागला किंवा वारा भरला तरी ती वस्तू त्या जागेवरून हलू नये, हा या सगळ्या उत्तरांमागचा आग्रह आहे.

घाटमाथ्यावर थंडी वाजते आणि खाली उतरल्यावर उकडते. अशा वेळी जर्किन घालून ठेवावे की काढून बांधावे?

पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही आणि आंबेनळी घाटाने वर चढले की येणारे महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे एवढ्याशा अंतरात आठ-नऊ अंशांचा फरक पडू शकतो. त्यात वेगामुळे लागणाऱ्या वाऱ्याची भर पडते. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांच्या थंडीसारखा लागतो. थंडीने बोटे आणि खांदे आखडले की क्लच आणि ब्रेक दाबायला उशीर होतो, आणि हा उशीर नेमका घाटातल्या वळणावर महागात पडतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की गाडी चालू असेपर्यंत कोपर आणि खांद्याला पॅड असलेले जर्किन अंगातच असावे, आणि उकाड्याचा बंदोबस्त आतल्या कपड्यांनी करावा. जाड, अस्तर लावलेले एकच जर्किन घेण्यापेक्षा जाळीचे किंवा मध्यम जाडीचे जर्किन घ्यावे आणि त्याच्या आत पातळ लोकरी बंडी किंवा वारा अडवणारे विंडचीटर घालावे. घाट उतरल्यावर ही आतली चीज काढली की तिची घडी दोन मुठींएवढी होते आणि ती कोणत्याही छोट्या बॅगेत मावते. सामान नेण्याच्या अडचणीचा निम्मा भाग कपड्यांच्या निवडीतच सुटतो, आणि म्हणूनच हा प्रश्न सर्वांत आधी घेतला आहे.

विदर्भात मे महिन्यात जर्किन घालून गाडी चालवणे शक्य तरी आहे का?

शक्य आहे, आणि भर दुपारी उघड्या हातांनी चालवण्यापेक्षा ते बरे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. चंद्रपूर किंवा नागपूरकडे पारा ४५ अंशांवर गेला की समोरून येणारा वारा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू लागतो, अंगावरचा घाम क्षणात उडून जातो आणि शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. तिकडचे लोक डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतात त्यामागे हेच कारण आहे. फिकट रंगाचे जाळीचे जर्किन, आत सुती बनियन किंवा पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट, आणि तो टी-शर्ट प्रत्येक थांब्यावर पाण्याने ओला करणे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. दुपट्ट्याची टोके मात्र जर्किनच्या आत खोचलेली असावीत.

तरीही काही कारणाने जर्किन काढावेच लागले, तर ते गाडीवर कसे बांधावे?

सर्वप्रथम सगळे खिसे रिकामे करावेत. घडी घालताना उलटा झालेला खिसा आणि त्यातून रस्त्यावर पडलेली किल्ली हा अनुभव अनेकांच्या वाट्याला आलेला आहे. त्यानंतर सीटवर किंवा स्वच्छ कट्ट्यावर जर्किनची चेन लावून ते पालथे ठेवावे. दोन्ही बाह्या पाठीवर आडव्या घ्याव्यात, परंतु कोपरांचे पॅड एकमेकांवर न येता शेजारी शेजारी बसतील अशा बेताने घ्याव्यात, कारण पॅडवर पॅड आला की गुंडाळीला मध्येच फुगवटा येतो आणि पट्टा त्यावरून घसरतो. मग कमरेच्या घेरापासून कॉलरकडे घट्ट गुंडाळत जावे. बाह्यांची टोके, कमरेच्या पट्ट्या आणि दोऱ्या या गुंडाळीच्या आतच राहिल्या पाहिजेत.

तयार झालेली गुंडाळी मागच्या सीटवर आडवी ठेवावी. तिचे मोकळे टोक, म्हणजे कॉलरची बाजू, खालच्या अंगाला सीटवर दाबलेली राहावी, म्हणजे वारा तिच्यात शिरून गुंडाळी उलगडणार नाही. दोन पट्ट्यांनी, मध्यभागापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, ती आवळावी. एकाच पट्ट्याने मध्यभागी बांधलेली गुंडाळी त्या पट्ट्याभोवती फिरू लागते आणि थोड्या वेळाने एक टोक चाकाकडे झुकते. बांधून झाल्यावर गुंडाळीला धरून पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर असे ओढून पाहावे. गुंडाळीबरोबर अख्खी गाडी हलली पाहिजे, नुसती गुंडाळी हलता कामा नये. पहिल्या आठ-दहा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण धक्क्यांनी कापड दबते आणि पट्टा सैल पडतो.

जर्किन कमरेला बांधले, टाकीवर नुसते ठेवले किंवा मागे बसलेल्याने हातात धरले तर चालेल का?

तिन्ही गोष्टी टाळाव्यात. कमरेला मारलेली बाह्यांची गाठ गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू सुटते, आणि मागे लोंबणारा भाग चेन किंवा मागच्या चाकाच्या आऱ्यांच्या अगदी जवळ असतो. चाकात कापड अडकले की चाक जागीच जाम होते आणि सावरायला वेळच मिळत नाही. ओढणी आणि साडीच्या पदराने झालेले अपघात आपल्याला ठाऊक आहेत, आणि जर्किनची बाही त्याहून जाड आणि चिवट असते. टाकीवर नुसते ठेवलेले जर्किन हँडल वळवताना आडवे येते. मागच्या व्यक्तीने ते हातात धरले तर तिला स्वतःला धरण्यासाठी एकच हात उरतो.

बांधण्यासाठी बंजीची दोरी चांगली की पट्टा?

आकडे असलेली रबरी दोरी सगळीकडे मिळते, स्वस्त असते आणि पटकन लागते, म्हणून तीच बहुतेकांकडे दिसते. परंतु तिचे दोन दोष गंभीर आहेत. रबर ताणले जाते, म्हणजे धक्क्यासरशी सामान उचलले जाऊन पुन्हा बसते आणि प्रत्येक वेळी थोडे सरकते. दुसरे म्हणजे ताणलेला आकडा हातून निसटला तर तो थेट तोंडाकडे येतो आणि डोळ्याला कायमची इजा करू शकतो. उन्हापावसाने रबर आतून कुजलेले असते आणि वरच्या सुती आवरणामुळे ते दिसतही नाही.

बकल असलेला नायलॉनचा चपटा पट्टा हा त्याहून कितीतरी भरवशाचा पर्याय आहे. ओढून आवळला की तो ताणला जात नाही, आणि बकलच्या पुढे उरलेले टोक गुंडाळून आत खोचले की लोंबतही नाही. इलॅस्टिकची जाळी हेल्मेट किंवा रेनकोटसारखी हलकी वस्तू थोड्या अंतरासाठी नेण्यास ठीक आहे. जाळीच वापरायची असेल तर तिच्यावरून एक पट्टा आडवा घ्यावा. आकडे इंडिकेटरच्या दांड्याला किंवा नंबर प्लेटला अडकवू नयेत. मागचे ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायची लोखंडी कडी), कॅरिअर आणि सीटखालची चौकट एवढ्याच जागा ओझे पेलण्याजोग्या असतात.

भाजीची किंवा डब्याची पिशवी हँडलला अडकवण्यात काय वावगे आहे?

ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली सवय आहे आणि तितकीच धोक्याची आहे. हँडलच्या टोकाला लोंबणारे वजन वळताना एका बाजूला झोका घेते आणि चालवणाऱ्याच्या मनात नसताना हँडल त्या बाजूला ओढते. पिशवी गुडघा आणि टाकीच्या मध्ये सापडली तर हँडल पूर्ण वळत नाही, आणि तिचे बंद ब्रेकच्या लिव्हरवर सरकले तर ब्रेक पूर्ण दाबला जात नाही किंवा सुटत नाही. दोन किलो बटाट्यांसाठी एवढी जोखीम घेण्याचे कारण नाही. रोजच्या बाजारहाटासाठी मागच्या बाजूला कायमची बसवलेली साइड बॉक्स किंवा रुंद तोंडाची कापडी सॅडल बॅग, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडबॅग, सोयीची पडते.

लॅपटॉप आणि डबा पाठीवरच्या सॅकमध्ये नेले तर चालते का?

शहरातल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासासाठी चालते, पण काही पथ्ये पाळावी लागतात. छातीवरचा आडवा पट्टा लावावा, म्हणजे सॅक एका खांद्यावर घसरत नाही. स्टीलचा डबा, कुलूप, पाना अशी कठीण वस्तू पाठीच्या कण्याला टेकेल अशी ठेवू नये, कारण पाठीवर पडल्यास तीच वस्तू कण्यावर आघात करते. लॅपटॉप पाठीच्या बाजूला आणि डबा बाहेरच्या बाजूला ठेवावा. खांद्याचे लोंबणारे पट्टे कापावेत किंवा गुंडाळून शिवून टाकावेत.

लांबच्या प्रवासात मात्र ओझे माणसाच्या अंगावर नसावे, गाडीवर असावे. तासा-दोन तासांत मान आणि खांदे भरून येतात, पाठीकडून हवा लागत नाही आणि मागे कोणी बसलेले असेल तर त्याला सतत मागे रेलावे लागते. सॅक खाली सरकवून तिचा तळ सीटवर टेकवणे हा तात्पुरता उपाय आहे आणि एकट्याने जाताना तो बऱ्यापैकी उपयोगी पडतो.

टँक बॅग, सॅडल बॅग, टेल बॅग आणि टॉप बॉक्स यांपैकी काय घ्यावे?

ज्याला फक्त जर्किन, रेनकोट, पाण्याची बाटली आणि किरकोळ वस्तू न्यायच्या आहेत त्याने १५ ते २५ लिटरची, मागच्या सीटवर चार पट्ट्यांनी बसणारी टेल बॅग घ्यावी, असा आमचा सल्ला आहे. ती एकट्याच्या प्रवासात जर्किनची गुंडाळी सहज सामावते, उतरवून खांद्याला लावता येते आणि गाडीला काही जोडावे लागत नाही. मागे माणूस बसणार असेल तेव्हा ही जागा उरत नाही, मग सॅडल बॅगेचा विचार करावा लागतो.

सॅडल बॅग घेताना सायलेन्सरपासूनचे अंतर हाताने मोजून पाहावे. बॅग भरल्यावर खाली दबते आणि आतल्या बाजूला फुगते, त्यामुळे दुकानात रिकाम्या बॅगेचे अंतर पाहून समाधान मानू नये. बॅग चाकाकडे झुकू नये म्हणून लोखंडी स्टे, म्हणजे बॅगेला आतून अडवणारी आधाराची दांडी, लागतो, आणि दोन्ही बाजूंचे वजन जवळजवळ सारखे ठेवावे लागते.

टँक बॅग ही हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी आहे: चष्मा, टोलची नसली तरी चहाची चिल्लर, हातमोजे, औषधे. चुंबकाने चिकटणारी टँक बॅग लोखंडी पत्र्याच्या टाकीवरच बसते. अनेक नव्या गाड्यांच्या टाकीवर प्लॅस्टिकचे आवरण असते, तेथे पट्ट्यांची बॅग घ्यावी. चुंबकाखाली वाळूचा कण राहिला तरी रंगावर ओरखडे पडतात, म्हणून आधी टाकी पुसावी, आणि चुंबकाच्या बाजूला बँकेचे कार्ड ठेवू नये. रेक्झिनच्या टँक कव्हरला असलेला खिसा रुमालापुरताच समजावा.

कुलूप लावता येणारा टॉप बॉक्स रोज गाडी उघड्यावर उभी करणाऱ्याला फार सोयीचा आहे. मात्र तो मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंच बसतो. तेथे जड सामान भरले की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि वेगात हँडल थरथरू लागते. पेटीवर आणि कॅरिअरवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, आणि दोन्हींपैकी जी कमी असेल ती पाळावी. जर्किन आणि रेनकोट पेटीत, आणि पाना-पान्हे, पंक्चरचे साहित्य, कुलूप यांसारख्या जड वस्तू सीटखाली किंवा साइड बॅगेच्या तळाशी, अशी विभागणी बरी.

पेटी किंवा बॅग लावण्याविषयी नियम काय सांगतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागच्या व्यक्तीसाठी धरण्याची सोय, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारे संरक्षण असले पाहिजे. चाकावरच्या या संरक्षणालाच आपण साडी गार्ड म्हणतो. सॅडल बॅगेचा स्टे बसवताना काही कारागीर साडी गार्ड काढून टाकण्याचा आग्रह धरतात. तो मानू नये. साडी कोणी नेसत नसले तरी ओढणी, रेनकोटचा घोळ आणि जर्किनची बाही यांना चाकापासून दूर ठेवणारी तीच एक वस्तू आहे.

२०२० साली या नियमांत हलक्या पेटीची तरतूद आली. तिची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर आणि उंची ५०० मिलिमीटर यांहून अधिक असू नये. पेटी मागच्या व्यक्तीच्या जागेवर बसवली असेल तर गाडीवर चालकाशिवाय दुसरे कोणी बसू शकत नाही, आणि ती त्या जागेच्या मागे असेल तर बसू शकते. नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर कोणत्याही सामानाने झाकले जाऊ नयेत.

थोड्या सामानासाठी टायरमधली हवा बदलावी लागते का?

जर्किन आणि डबा एवढेच असेल तर नाही. दोन बॅगा भरून किंवा मागे माणूस बसवून जायचे असेल तर चेन कव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिलेला मागच्या टायरचा आकडा पाळावा. हवा टायर थंड असताना तपासावी.

जर्किनच्या खिशात काय ठेवावे आणि काय ठेवू नये?

मऊ आणि चपट्या वस्तू ठेवाव्यात: रुमाल, थोडे पैसे, नाव, रक्तगट आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेला कागद. किल्ल्यांचा जुडगा, पेन आणि चाकू छातीच्या खिशात ठेवू नयेत, कारण पडताना बरगडीवर येणारा सगळा दाब त्या एका टोकावर एकवटतो. पाकीट पँटच्या मागच्या खिशात असेल तर लांब प्रवासात कंबर वाकडी राहते आणि पाकीट वर सरकत जाते.

मोबाइल हँडलवरच्या स्टँडला लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींची तीव्र कंपने हँडलवाटे थेट फोनपर्यंत पोहोचून कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडवू शकतात, असा इशारा अॅपल कंपनीने २०२१ साली आपल्या आयफोनबाबत दिला होता. स्टँड वापरायचाच असेल तर कंपने शोषणारा घ्यावा. एरवी फोन जर्किनच्या आतल्या खिशात उत्तम.

गाडीची कागदपत्रे सोबत बाळगावी लागतात का?

२०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमधील लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी ग्राह्य धरले जातात. मूळ कागद भिजवत नेण्याची गरज उरलेली नाही. फोनमधला साधा फोटो किंवा झेरॉक्स यांना मात्र तेच स्थान नाही.

पावसाळ्यात सामान कोरडे कसे ठेवावे?

बॅगेबरोबर येणारे पावसाळी आवरण वरून येणारे पाणी अडवते, पण मागच्या चाकाने खालून उडवलेले पाणी अडवत नाही. ताम्हिणीसारख्या घाटात जून ते सप्टेंबरमध्ये पाणी सर्व बाजूंनी येते. म्हणून कोरडे राहायला हवे ते सामान बॅगेच्या आत वेगळ्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावे. तोंड किमान तीन वेळा गुंडाळून मगच बकल लावावे. घरातली जाड प्लॅस्टिकची पिशवी दोन पदरी वापरली तरी काम भागते.

रेनकोट सर्वांत वर किंवा बाहेरच्या कप्प्यात असावा, कारण तो काढताना बाकीचे सामान भिजता कामा नये. ओला रेनकोट कोरड्या जर्किनबरोबर एकाच कप्प्यात कोंबू नये. तो बॅगेच्या वर, पट्ट्याखाली, पाय आणि बाह्या आत दुमडून बांधावा. सायलेन्सरच्या वळणदार नळीला रेनकोटचा पाय टेकला तर क्षणात वितळून चिकटतो, म्हणून उजव्या पायाचा घोळ घोट्यापाशी इलॅस्टिकने आवळून घ्यावा.

ठिकाणावर पोहोचल्यावर जर्किन आणि हेल्मेट गाडीपाशीच ठेवून जाता येते का?

गडावर किंवा लेण्यांत फिरताना दोन्ही वागवणे जड जाते हे खरे. अशा वेळी सायकलला लावतात तशी आकड्यांच्या कुलपाची लवचिक तार घ्यावी. ती जर्किनच्या एका बाहीतून घालून कॉलरमधून काढावी, मग हेल्मेटच्या तोंडाच्या मोकळ्या जागेतून ओवून गाडीच्या चौकटीला अडकवावी. कुलपात अडकवलेली फक्त हेल्मेटची पट्टी चाकूने कापता येते, म्हणून पट्टीवर भिस्त ठेवू नये. ही सोय सहजासहजी कोणी उचलून नेऊ नये एवढ्यापुरतीच आहे, तेव्हा महागडे जर्किन असेल तर जवळच्या हॉटेलवाल्या काकांना विचारून त्यांच्याकडे ठेवावे. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, आणि परत आल्यावर तेथेच चहा घेणे ही साधी रीत आहे.

हेल्मेट आरशावर टांगू नये. आरशाचे टोक आतल्या थर्मोकोलसारख्या थरात रुतते आणि आघात शोषणारा तोच थर दबून निकामी होतो.

गोव्यात भाड्याने घेतलेल्या स्कूटरच्या डिकीत सगळे सामान ठेवले तर?

जर्किन, रेनकोट, टॉवेल खुशाल ठेवावेत. डिकी इंजिनाच्या वर असल्याने ती चांगलीच तापते, त्यामुळे इन्सुलिनसारखी औषधे, पॉवर बँक, फोन आणि चॉकलेट तेथे ठेवू नये. पैसे आणि ओळखपत्र अंगावरच असावे. समुद्रावर जाताना किल्ली डिकीत राहून सीट बंद होणार नाही याची काळजी घ्यावी, कारण अनेक स्कूटरांची सीट नुसती दाबली तरी लॉक होते.

भिजलेले जर्किन कसे वाळवावे?

पॅड आणि आतले अस्तर आधी काढून घ्यावे. पॅड पुसून सावलीत सपाट ठेवावेत, वाकवून किंवा उभे ठेवल्यास त्यांचा आकार बिघडतो. जर्किन रुंद हँगरवर, चेन उघडी ठेवून, पंख्याखाली टांगावे. गरम सायलेन्सरवर किंवा इंजिनावर ते पसरू नये आणि चामड्याचे असेल तर उन्हातही ठेवू नये, कारण चामडे कडक होऊन शिवणीपाशी भेगाळते. कोकणातल्या दमट हवेत रात्रभरात ते पूर्ण वाळत नाही. अशा वेळी बाह्यांत वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद भरावेत आणि दर दोन-तीन तासांनी बदलावेत. पॅड परत घालताना कोपराचा पॅड खिशात नीट खालपर्यंत बसला आहे ना, हे जर्किन अंगात घालून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून तपासावे.